पायथनमधून थेट मेमरीत हात घालणाऱ्यांसाठी

पॉइंटर काय असतो, हीप काय असतं, हे सांगत बसत नाही. इंजिनीअरिंगला असताना ते सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. हे लिहितोय ते नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत किंवा मिहानमध्ये बोर्ड टेस्टिंगच्या कामाला नव्याने लागलेल्यांसाठी. पहिल्या काही दिवसांतच कुणीतरी सीमध्ये लिहिलेली एक लायब्ररी हातात देतं आणि सांगतं, ‘पायथनमधून कॉल करून घे, दोन ओळींचं काम आहे.’

दोन ओळींचंच आहे, खोटं नाही. सीटाइप्स हे सीची फंक्शन्स पायथनमधून कॉल करणारं मॉड्यूल २००६ पासून, म्हणजे पायथन २.५ पासून भाषेसोबतच येतं, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. त्यातल्या स्ट्रिंग-अ‍ॅटला पत्ता आणि लांबी द्या, तिथले बाइट हातात येतात. मेममूव्हने लिहिता येतं. सीपायथनमध्ये, म्हणजे आपल्या नेहमीच्या पायथनमध्ये, आयडी हे फंक्शन ऑब्जेक्टचा मेमरीतला पत्ताच परत करतं. त्या पत्त्यावरचे पहिले काही बाइट वाचून बघा, नेहमीच्या बिल्डमध्ये रेफरन्स काउंट (त्या ऑब्जेक्टकडे किती संदर्भ आहेत तो आकडा) तिथेच बसलेला असतो. हे घरी नक्की करून बघा. इंटरप्रीटर मरेल, मरू द्या. तुमच्या प्रोसेसच्या पत्त्यांवर काहीही खरडलं तरी लॅपटॉप जळत नाही.

आता मी ज्यात अडकलो होतो ते, जरा सविस्तर.

सीटाइप्सला फंक्शनची घोषणा माहीत नसते. हेडर फाइल ते वाचतच नाही. रेसटाइप, म्हणजे फंक्शन काय परत करतं त्याचा प्रकार, तुम्ही सांगितला नाही, तर परत आलेली किंमत इंट आहे असं ते गृहीत धरतं. इंट ३२ बिटांचा, पॉइंटर ६४ बिटांचा. समजा मेमरी देणाऱ्या मॅलॉकने १३९८८९७०४१७३५८४ हा पत्ता दिला. पायथनमध्ये तुमच्या हातात पडतो -१६७५६२४४३२. वरचे ३२ बिट गेले, आणि उरलेल्यांतला सर्वांत वरचा बिट १ असल्याने आकडा ऋण झाला. पत्ता कधी ऋण नसतो. पॉइंटर प्रिंट केल्यावर समोर वजाचं चिन्ह दिसलं, की पुढचं काही तपासू नका, आधी रेसटाइप बघा.

हा आकडा प्रत्येक वेळी ऋण आला असता तर कोणीच फसलं नसतं. काही लिनक्स बिल्डमध्ये पायथनचं हीप खालच्या पत्त्यांवर असतं. तिथे थोडी मेमरी मागितली की मिळणारा पत्ता ३२ बिटांत मावतो, काहीच कापलं जात नाही, कोड मजेत चालतो. ग्लिबसी, म्हणजे लिनक्सची सी लायब्ररी, साधारण १२८ केबीच्या वरची मागणी एममॅप या कर्नलच्या कॉलकडे वळवते आणि ते पत्ते फार वरचे असतात. म्हणजे छोट्या टेस्ट डेटावर सगळं हिरवं, आणि खऱ्या बोर्डचा मोठा बफर आला की सेगमेंटेशन फॉल्ट. दोष मग बोर्डवर जातो, केबलवर जातो, एप्रिल-मे असेल तर नागपूरच्या उन्हावरही जातो. मी केबल बदलून बघितली होती.

आणि रेसटाइप लावला म्हणजे सुटलो, असंही नाही बाप्पा! सी-व्हॉइड-पी हा रेसटाइप दिला की पायथनला पूर्ण पत्ता मिळतो, पण साधा पूर्णांक म्हणून. तोच पूर्णांक तुम्ही मेमरी मोकळी करणाऱ्या फ्रीला किंवा पुढच्या फंक्शनला दिला आणि आर्गटाइप्स, म्हणजे फंक्शनला काय द्यायचं त्याचे प्रकार, लिहिलेले नाहीत, तर जाताना तो परत इंटमध्ये कापला जातो. येताना वाचवलेला पत्ता जाताना हरवतो. विंडोजवर अशा वेळी निदान आकडा फार मोठा आहे अशी तक्रार येते. लिनक्स चूपचाप कापून मोकळं होतं. म्हणून दोन्ही लिहायचे, प्रत्येक फंक्शनला, पहिल्या कॉलच्या आधी. फंक्शन एकच आहे, काहून लिहायचं, असं मनात येतंच. तरी लिहा.

रेसटाइप म्हणून सी-चार-पी (सीची स्ट्रिंग) देण्याचा मोहही टाळा. तो सोयीचा वाटतो, कारण सरळ बाइट्स मिळतात, पण मूळ पत्ता हातातून जातो आणि ती मेमरी मोकळी करायला काही उरत नाही.

इथे माझं एक मत, पटलं तर घ्या. ‘आधी सी पक्की कर, मग ये’ म्हणणारे सिनियर भरपूर भेटतील. ते चूक नाहीत, पण या चुकीचा सीशी संबंध थोडाच आहे. सीमध्ये हेडर असतं, कंपायलर ओरडतो. इथे ओरडणारं कोणी नाही. त्यापेक्षा जो सिनियर तुमच्या शेजारी बसून हेडरमधली एक ओळ आणि तुमची आर्गटाइप्सची ओळ बोटाने जुळवून दाखवतो, त्याला तर्री-पोहे खिलवा. इंटरनेटवरून उचललेल्या आणि एआयने लिहून दिलेल्या कोडमध्ये रेसटाइप आणि आर्गटाइप्सच्या ओळी बरेचदा नसतात. उचला, पण आधी त्या शोधा.

क्रॅश झाल्यावर ट्रेसबॅक येत नाही, म्हणून नवीन माणूस घाबरतो. फॉल्टहँडलर हे मॉड्यूल सुरू करा, पायथन ३.३ पासून सोबतच आहे. मरताना पायथनची कोणती ओळ चालू होती ते दाखवून जातं.

फ्रॉम-अ‍ॅड्रेसबद्दल थोडक्यात: ते दिलेल्या पत्त्यावर सीटाइप्सचा ऑब्जेक्ट बसवतं, पण ती मेमरी धरून ठेवत नाही. मूळ बफर गार्बेज झाला की तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या डेटात लिहीत असता. बफरचं व्हेरिएबल जिवंत ठेवा.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डच्या रजिस्टरपर्यंत जायचं असेल तर मामला वेगळा, कारण तिथे भौतिक पत्ते लागतात, आणि ते डेव्ह-मेम ही फाइल एममॅप करून मिळतात. डेटाशीटमधले ७ईने सुरू होणारे पत्ते बसचे आहेत, ते जसेच्या तसे चालत नाहीत. पाय ३ वर तिथे ३एफ आणि पाय ४ वर एफई धरायचं. एममॅपचा ऑफसेट पेजच्या पटीत, म्हणजे इथे ४०९६ च्या पटीत हवा. रजिस्टरवर स्लाइसने लिहू नका, ४ बाइट एकाच झटक्यात जातील याची हमी नसते. ३२ बिटांचा सीटाइप्स पूर्णांक फ्रॉम-बफरने त्यावर बसवा. डेव्ह-मेमला रूट लागतं आणि चुकीच्या जागी लिहिलं तर अख्खा पाय गोठतो, इथे मात्र मरू द्या म्हणणार नाही. फक्त पिना हलवायच्या असतील तर पाय ४ पर्यंत डेव्ह-जीपीआयओमेम पुरतं. त्यात ऑफसेट शून्यापासून असतो आणि युजर जीपीआयओ ग्रुपमध्ये असला की रूटच्या पासवर्डसाठी कुणाच्या मागे लागावं लागत नाही.