पॉवर ग्राउंड आणि सिग्नल ग्राउंड : लेआउटला बसण्यापूर्वीची तयारी

१२ व्होल्टची मोटर, तिचा ड्रायव्हर, मायक्रोकंट्रोलर आणि एलएम३५ हा तापमान सेन्सर एकाच दोन लेअरच्या बोर्डावर बसवायचा असेल, तर पहिला ट्रॅक (तांब्याची पट्टी) ओढण्यापूर्वी स्कीमॅटिक (सर्किटची आकृती) कागदावर छापून घ्यावे आणि प्रत्येक प्रवाहाचा परतीचा मार्ग त्यावर रंगीत पेन्सिलीने आखावा. मोटरचा प्रवाह कोणत्या कपॅसिटरमधून निघतो आणि त्याच्या ऋण टोकाला कोणत्या वाटेने परततो, हे ठरल्याशिवाय ग्राउंडला पॉवर ग्राउंड (मोटरच्या मोठ्या प्रवाहाची परतीची वाट) आणि सिग्नल ग्राउंड (सेन्सरच्या छोट्या प्रवाहाची) अशी दोन नावे देऊन काही साधत नाही.

मग आकडेमोड करावी. ती टाळणे मला मुळीच मान्य नाही. ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्यात ट्रॅकची लांबी रुंदीच्या जितकी पट असेल, तितके अर्धे मिलिओहम असा ढोबळ हिशेब धरता येतो. म्हणजे १ मिमी रुंद, ५० मिमी लांब ट्रॅकचा रोध सुमारे २५ मिलिओहम होतो आणि त्यातून २ अँपिअर गेले की ५० मिलिव्होल्टचा फरक पडतो. एलएम३५ दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो. त्यामुळे त्याचे ग्राउंड या ट्रॅकच्या एका टोकाला आणि एडीसीचे (सेन्सरचे व्होल्टेज अंकांत बदलणाऱ्या भागाचे) दुसऱ्या टोकाला असेल, तर मोटर सुरू होताच तापमान ५ अंशांनी चुकते. सॉफ्टवेअरमध्ये सरासरी काढून ही चूक जात नाही.

यावरचा खरा उपाय मांडणीत आहे. पॉवर कनेक्टर, ड्रायव्हर आणि मोठा कपॅसिटर एका कडेला जवळजवळ ठेवावेत, सेन्सर व एडीसी दुसऱ्या कडेला, म्हणजे मोटरच्या प्रवाहाला सेन्सरखालून जाण्याचे कारणच उरत नाही. खालच्या लेअरवरचे ग्राउंड शक्यतो अखंड ठेवावे. फट पाडायचीच असेल, तर दोन्ही भाग एकाच ठिकाणी जोडावेत आणि इकडून तिकडे जाणारा प्रत्येक सिग्नल त्या जोडावरूनच न्यावा. कारण जलद सिग्नलचा परतीचा प्रवाह ट्रॅकच्या अगदी खालून वाहू पाहतो, आणि वाटेत फट आली की त्याला वळसा पडून मोठा लूप तयार होतो, जो अँटेनासारखा गोंगाट पसरवतो. कायकॅड या बोर्ड आखण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये या जोडासाठी स्कीमॅटिकमध्येच नेट टाय, म्हणजे दोन नावांची ग्राउंड एका जागी जोडणारा घटक, ठेवावा.

एडीसीच्या एजीएनडी (अ‍ॅनालॉग ग्राउंड) आणि डीजीएनडी (डिजिटल ग्राउंड) या पिना, डेटाशीटने वेगळे सांगितले नसेल तर, चिपच्या लगतच जोडाव्यात. प्रवाह मोजणारा शंट (अगदी कमी रोधाचा रेझिस्टर) असल्यास मोजणीचे दोन ट्रॅक थेट त्याच्या पॅडपासून निघावेत.

गर्बर फाइल (बोर्ड बनवणाऱ्याला द्यायचा आराखडा) पाठवण्यापूर्वी खालची लेअर एकटीच पडद्यावर उघडून व्हायांच्या (दोन लेअर जोडणाऱ्या छिद्रांच्या) रांगेने ग्राउंड कोठे चिरले गेले नाही ना, हे सावकाश पाहावे. बोर्ड हाती आल्यावर मोटर सुरू करून ड्रायव्हरचे ग्राउंड आणि सेन्सरचे ग्राउंड यांतला फरक ऑसिलोस्कोपवर मोजावा.