तूर-हरभऱ्याचा भुंगा, ज्वारीचे सोंडे: पाला, पूड आणि तेल कसं वापरायचं

तुरीतला भुंगा बहुतेक वेळा वावरातूनच घरात येतो. शेंग पिकत असताना मादी तिच्यावर अंडी घालते, त्यामुळे खळ्यावर स्वच्छ दिसणाऱ्या मालातही अळी असू शकते. दाण्यात शिरलेल्या अळीपर्यंत ना पूड पोचते, ना तेल. म्हणून आधी कडक ऊन. टिनावर किंवा काळ्या ताडपत्रीवर पातळ थर पसरून तीन-चार दिवस वाळवा. दाताखाली दाणा कट्‌कन फुटला पाहिजे, दबला तर ओल आहे. डाळवर्गात ओल 10 टक्क्यांच्या आत हवी, गहू-ज्वारीत 12. माल पूर्ण थंड करूनच भरा. गरम भरला तर पोत्यात घाम सुटतो आणि बुरशी येते.

खायच्या अख्ख्या तुरीला, हरभऱ्याला, मुगाला फल्लीतेल (शेंगदाण्याचं तेल) किंवा एरंडीचं तेल किलोमागे 5 मिली, म्हणजे क्विंटलला अर्धा लिटर. भुंगा अंडी दाण्यावर चिकटवतो. तेलाच्या थराखाली अंड्याला हवा मिळत नाही आणि ते मरतं. म्हणून एकही दाणा कोरडा राहता कामा नये, आणि नेमकी इथेच बहुतेकांची चूक होते: ढिगावर तेल ओतून फावड्याने हलवलं की काही दाणे चिंब, बाकी कोरडे. एका वेळी 10 किलोच घ्या, 50 मिली तेल तीनदा विभागून टाका आणि दाणे चमकेपर्यंत दोन्ही तळव्यांनी चोळा. नंतर सावलीत पसरा. तेल जास्त झालं तर खवट वास येतो, बियाण्याची उगवणही घटते.

करंज, कडुनिंबाचं तेल कडू, ते बियाण्यालाच लावा. प्रमाण तेच. बियाण्याला वेखंडाची पूड क्विंटलला 1 किलो किंवा निंबोळीच्या बीच्या आतल्या गराची पूड 1 ते 2 किलो फार चांगली. वेखंडात बीटा-ॲसारोन हा विषारी घटक असतो, म्हणून खायच्या धान्यात ते अजिबात मिसळू नका. निंबोळ्या सावलीतच वाळवा, उन्हाने त्यांचा गुण जातो. बुरशी आलेल्या फेका.

ज्वारी-गव्हात तेलाचा भरवसा कमी. सोंड्याची (धान्यातल्या सोंडवाल्या किड्याची) मादी दाणा कोरून आत अंडं घालते आणि भोक बुजवते. तिथे चांगली वाळवण आणि घट्ट झाकणाची कोठी हाच खरा आधार. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळवून, दर वीतभर थरावर मूठभर. ओला पाला धान्याला ओल देतो. पाल्याने कीड कमी होते, संपत नाही.

जुने कट्टे (पोती) 10 टक्के निंबोळी अर्कात (10 लिटर पाण्यात 1 किलो गराची पूड, रात्रभर भिजवून गाळलेली) अर्धा तास बुडवून सावलीत वाळवा. भरलेले कट्टे लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर लावा.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कट्ट्यात मधोमध हात घालून मूठभर दाणे काढा. पांढरे ठिपके ही अंडी. गोल भोकं दिसली तर भुंगे बाहेर पडू लागले आहेत; तो कट्टा लगेच वेगळा करा, चाळा, ऊन द्या, आणि तूर खायची असेल तर डाळ करून टाका. फोडलेल्या डाळीत हा भुंगा फारसा वाढत नाही.