स्पर्धेला जाण्याआधी रोबो मुद्दाम बिघडवा

माझं अमळनेरात मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. पाणबुडी मोटारी, विहिरीवरचे पंप, उन्हाळ्यात कूलर. रोबोशी माझा संबंध एवढाच, की धाकटी नववीत असताना शाळेच्या टीममध्ये गेली आणि सरांनी मला विचारलं, "तुम्हाला वायरिंगचं कळतं, संध्याकाळी येऊन बसाल का?" त्या बसण्याचे तीन सीझन झाले आणि तिसऱ्या वर्षी आम्ही पुण्याला राष्ट्रीय अजिंक्यपदापर्यंत जाऊन आलो. बक्षीस मिळालं नाही, हे आधीच सांगतो. पण तालुक्याच्या गावातून दुसरी कुणी पोरं जाणार असतील, तर आम्ही कुठे कुठे ठेचकाळलो ते त्यांना माहीत असलेलं बरं.

आमची स्पर्धा फर्स्ट टेक चॅलेंज. 12 ते 18 वयाची मुलं, एका टीममध्ये जास्तीत जास्त 15. आमची सातच होती. मैदान 12 फूट बाय 12 फूट, खाली फोमच्या लाद्या. दोन टीम विरुद्ध दोन टीम. पहिले 30 सेकंद रोबो स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालतो, त्याला सगळे नुसतं 'ऑटो' म्हणतात. मग 2 मिनिटं मुलं हातातल्या गेमपॅडवर चालवतात. सुरुवातीला रोबो प्रत्येक बाजूने 18 इंचांत मावला पाहिजे. खेळ दरवर्षी सप्टेंबरात बदलतो, त्यामुळे मागच्या वर्षीची पुण्याई कामाला येत नाही.

रोबो कसा बनवायचा हे सांगणारे खूप आहेत. मी बनलेला रोबो चालू कसा ठेवायचा तेवढंच सांगतो.

वायर ओढा

माझ्याकडे जळून आलेली मोटार उघडली की बऱ्याचदा तारेचा दोष नसतोच. जोड ढिला असतो. ढिला जोड तापतो, तापून आणखी ढिला होतो. रोबोत वायरी बारीक आणि हादरे मोठे. म्हणून नियम असा करा: प्रत्येक सरावाआधी एका मुलाने प्रत्येक कनेक्टर दोन बोटांत धरून हलकेच ओढायचा. जो हातात आला तो आत्ताच आला, हे नशीब समजा. बॅटरीचे पिवळे जाड कनेक्टर घट्ट बसतात. दगा देतात ते एन्कोडरचे (मोटारीचे फेरे मोजणारा भाग) बारीक पांढरे प्लग आणि कॅमेऱ्याची यूएसबी. यूएसबीची वायर प्लगपासून दोन बोटांवर झिप टायने सांगाड्याला बांधा, म्हणजे झटका टायला बसेल, प्लगला नाही. वायरीच्या दोन्ही टोकांना एकच नंबर लिहा. आम्ही नंबर लावले नव्हते तेव्हा डाव्या चाकाची वायर उजवीकडे लागली आणि रोबो भिंगरीसारखा जागच्या जागी फिरत राहिला. पोरं हसून हसून बेजार. स्पर्धेत तसं झालं असतं तर कुणी हसलं नसतं.

व्होल्टेज

आपल्याकडे शेतकऱ्याला व्होल्टेज समजावून सांगावं लागत नाही. रात्रीच्या लाईटीला सगळ्या शिवारातले पंप एकदम सुरू झाले की मोटार नुसती गुरगुरते, पाणी वर येत नाही. रोबोचंही तेच. बॅटरी 12 व्होल्टची म्हणतात, पण पूर्ण भरलेली मीटरवर 13 च्या वर दाखवते. आमच्या पोरांनी पहिल्या वर्षी ऑटो वेळ मोजून लिहिला होता: दीड सेकंद पुढे जा, मग वळ. सरावात बॅटरी नेहमी अर्धी उतरलेली असायची. स्पर्धेत चार्जरवरून काढलेली ताजी बॅटरी लावली आणि रोबो दीड सेकंदात सरळ भिंतीला भिडला. त्यावर उपाय: अंतर वेळेने मोजू नका, चाकाचे फेरे मोजा. मोटारीमागचा एन्कोडर फेरे सांगतो, हबमधला, म्हणजे रोबोचा मेंदू असलेल्या डब्यातला, आयएमयू दिशा सांगतो. हे सगळं सरांनी आणि मुलांनी लिहिलं, मला प्रोग्रॅममधलं ओ की ठो कळत नाही. बॅटरीचं मात्र कळतं. प्रत्येक बॅटरीवर मार्करने नंबर टाका, कोणती कधी चार्ज केली ते वहीत लिहा आणि नुसतं मीटर लावून पारख करू नका. म्हातारी बॅटरीही भार नसताना मीटरवर छान आकडा दाखवते. चारही मोटारींवर भार टाकून बघा, मग खरं रूप कळतं.

फ्यूजबद्दल एक वाक्य. शिवारातल्या डीपीवर फ्यूज उडाला की जाड तार गुंडाळलेली पोरांनी लहानपणापासून पाहिलेली असते. इथे बॅटरीला 20 अँपियरचा फ्यूज असतो, तो उडाला तर तेवढ्याच अँपियरचा दुसरा टाकायचा, आणि का उडाला ते शोधायचं.

हिवाळ्यात आपल्या खान्देशची हवा इतकी कोरडी होते की रात्री स्वेटर काढताना चटचट ऐकू येतं. फोमवर रबरी चाकं घासून रोबोतही तशीच वीज साठते. मग तो दुसऱ्या रोबोच्या धातूला टेकला की हब मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतं, आणि तोवर सामना निघून जातो. हब थेट ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवू नका, मध्ये प्लॅस्टिकची किंवा प्लायवूडची पट्टी घाला. बाहेर निघालेल्या धातूच्या कडांवर इन्सुलेशन टेप लावा.

बिघाड लपवायचा खेळ

आता मुख्य गोष्ट. माझ्या दुकानात नवीन पोरगा कामाला आला की मी त्याला चांगली मोटार देत नाही. चांगल्या मोटारीत आधी एक खोट करून ठेवतो, मग शोधायला लावतो. टीमलाही तेच केलं. पुण्याला जाण्याआधी महिनाभर रोज संध्याकाळी चहाच्या वेळी पोरांना बाहेर काढायचं, रोबोत एक बिघाड लपवायचा, मग घड्याळ लावून पाच मिनिटं द्यायची. कधी उडालेला फ्यूज, कधी अर्धा बाहेर काढलेला एन्कोडर प्लग, कधी अदलाबदल केलेले मोटार पोर्ट (हबवरची वायर लावायची जागा), कधी चाक दांड्यावर धरून ठेवणारा ग्रब स्क्रू ढिला. एकदा सगळं ठीक ठेवून फक्त उतरलेली बॅटरी लावली. त्या दिवशी पोरांनी अर्धा रोबो सोडवला.

पहिल्या आठवड्यात सातही जणांचे चौदा हात एकदम आत. मग क्रम ठरवला आणि तो पुठ्ठ्यावर लिहून टांगला. हबचा दिवा लागलाय का? नसेल तर बॅटरी, फ्यूज, मेन स्विच, याच क्रमाने. लागला असेल तर गेमपॅड जोडलाय का, वाय-फाय आहे का. तेही असेल तर एकच मोटार चालत नाही की सगळ्या? एकच असेल तर तिची वायर दुसऱ्या पोर्टला लावा. बिघाड वायरीबरोबर फिरला तर वायर किंवा मोटार, पोर्टजवळच राहिला तर हब. एक जण बोलणार, एक जण हात लावणार, बाकीचे गप्प. शेवटच्या आठवड्यात दोन-अडीच मिनिटांत खोट सापडायला लागली. घड्याळ बंद केलं की मला विजयी नजरेने बघायचे.

पुण्यात तिसऱ्या सामन्यात ऑटो झाला आणि रोबो मैदानाच्या मधोमध उभा राहिला तो राहिलाच. मी प्रेक्षकांत. खिशात टेस्टर, त्यावर घामेजलेली मूठ. रोबो पिटमध्ये, म्हणजे टीमच्या दुरुस्तीच्या टेबलावर, आला तेव्हा मी धावत पोहोचलो आणि हात पुढे केला. धाकटी अहिराणीत म्हणाली, "पप्पा, तुम्ही हात नका लावा." घरात ती एरवी अहिराणी बोलत नाही. मी हात खिशात घातला. त्यांनी क्रम धरला: दिवा नाही, बॅटरी ठीक, फ्यूज ठीक, मेन स्विच... स्विचच्या मागचा कनेक्टर धक्क्याने निम्मा बाहेर आला होता. त्यांनी बसवला, टाय बांधला. सकाळी वायर ओढण्याची पाळी ज्या पोराची होती तो खाली मान घालून बसला, तर दुसरा त्याला म्हणाला, "कसाले घाबरस रे, सापडनं ना." पाचव्या सामन्यात पुन्हा बंद पडला, तो हबचा प्रश्न होता आणि वेळेत सुटला नाही. ती चूक माझ्या यादीतच नव्हती.

मोठ्यांना सांगतो: हात खिशात ठेवणं हे काम आहे आणि ते सरावातच शिकावं लागतं.

सामान आणि प्रवास

जळगावहून रात्रीची महाराष्ट्र एक्स्प्रेस. रोबो केळीच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये, चारही बाजूंनी फोम, बॅटऱ्या काढून वेगळ्या, टोकांना टेप. रोबो खालच्या बर्थखाली सरकवू नका. रात्री कुणीतरी पायाने ढकलतंच. आम्ही तो बर्थवर घेऊन झोपलो, म्हणजे दोन पोरं आळीपाळीने बसून राहिली. क्रेटमध्ये आणखी: मल्टीमीटर, ॲलन की दोन संच (एक हरवतोच), त्याच अँपियरचे फ्यूज, एक जादा सर्वो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटार), झिप टाय मूठभर, लांब एक्स्टेंशन बोर्ड आणि प्रत्येकाचा सेफ्टी चष्मा. चष्म्याशिवाय पिटमध्ये उभं राहू देत नाहीत. दशम्या आणि लसणाची चटणी दोन दिवस टिकते. सामन्यांच्या मध्ये जेवायला बाहेर जायला वेळ मिळत नाही.

पोहोचल्यावर आधी तपासणी. 18 इंचांच्या मापात आपला रोबो घरी दहादा बसला होता, तिथे बसेना. एक झिप टाय उभा राहिला होता. टायची शेपटी जवळून कापा.

परीक्षकांसमोर

पाच मिनिटं मुलं बोलणार, मग प्रश्न. बोलायचं फक्त मुलांनी. आमची पोरं सेमी इंग्लिशची. त्यांनी भाषण पाठ केलं होतं आणि पहिलीच मुलगी दुसरं वाक्य विसरली. पाठांतर करू नका. प्रत्येकाच्या हातात त्याने बनवलेला एक भाग द्या. वस्तू हातात असली की तोंड उघडतं. पोर्टफोलिओ, म्हणजे टीमच्या कामाची वही, मुखपृष्ठ सोडून 15 पानांचा, त्यात मोडलेल्या गोष्टींचे फोटो घाला. भिंतीला धडकलेल्या ऑटोवर परीक्षकांनी सगळ्यांत जास्त विचारलं. आमच्यातल्या एकाने त्यांना सांगितलं की विप्रोची सुरुवात 1945 साली आमच्या अमळनेरात वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली. हे आमच्या गावात प्रत्येक पाहुण्याला सांगावंच लागतं.

पात्रता सामने संपल्यावर वरच्या टीम आपले जोडीदार निवडतात. आम्हाला कुणी निवडलं नाही. दोनदा उभा राहिलेला रोबो कोण घेईल? पण खरी चूक वेगळी: आम्ही दोन दिवस आपल्याच पिटमध्ये बसून राहिलो. पहिल्याच संध्याकाळी अर्ध्या पानावर आपला रोबो काय करतो, ऑटोत किती गुण काढतो ते लिहा आणि दोन मुलांना प्रत्येक पिटवर पाठवा. कुणाला काही लागलं तर द्या. आम्ही जादा सर्वो एका टीमला दिला, त्यांनी आम्हाला पांढऱ्या प्लगच्या चार वायरी दिल्या.

परत आल्यावर रोबो लगेच सोडवू नका. बॅटऱ्या काढा, सगळ्या बाजूंनी फोटो घ्या, कोणता कनेक्टर किती वेळा निघाला ते वहीत लिहा. हब मध्येच का बंद पडलं ते आम्हाला दहा दिवसांनी शाळेत सापडलं: कॅमेऱ्याच्या यूएसबीचा धातूचा भाग सांगाड्याला टेकत होता. सप्टेंबरपासून तो बिघाड लपवायच्या यादीत पहिला आहे.