गिरणीच्या गल्ल्यातली चिल्लर: कोणतं नाणं बाजूला काढायचं

साताऱ्यात आमची पिठाची गिरणी आहे. दळणाचे कधी पस्तीस होतात, कधी बेचाळीस, त्यामुळे गल्ल्यात चिल्लर फार. त्यात आजूबाजूचे काही दुकानदार दहाचं नाणं अजून हातात धरत नाहीत, म्हणून अख्ख्या आळीतली दहाची नाणी फिरून फिरून माझ्याकडे येतात. रात्री पट्टा थांबला की मी गल्ला ताटात ओतते आणि तांदूळ निवडावेत तशी नाणी निवडते.

दहाच्या नाण्याचं आधी सांगून टाकते. वरच्या बाजूला पंधरा रेघा असलेलं जुनं, दहा रेघा आणि ₹ चिन्ह असलेलं नंतरचं. खोटं दोन्हींतलं एकही नाही. रिझर्व्ह बँकेनं २०१८ च्या जानेवारीत चौदा प्रकारची दहाची नाणी चालतात असं सांगितलं होतं. तेव्हा रेघा मोजून कुणी दुर्मीळ म्हणालं तर हसून सोडून द्या.

सामान थोडंच लागतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग, लोहचुंबक, बाजूनं उजेड टाकणारा दिवा आणि ग्रॅमचा शंभरावा भागही दाखवणारा सोनाराकडचा असतो तसा छोटा काटा. गिरणीचा काटा इथे उपयोगाचा नाही, मी तेही करून पाहिलंय! माझ्याकडे एक जादा सोय आहे, पीठ. आकड्यांच्या उठावाला लागून पीठ बसतं आणि झिजलेलं साल पांढऱ्या रेघेत उठून दिसतं. तुमच्याकडे पीठ नसेल तर नाणं दिव्याखाली तिरपं धरा.

पहिला हात चित्रवाल्या नाण्यांवर फिरवायचा. दोन रुपयांवर शिवाजी महाराज आणि रुपयावर ज्ञानेश्वर, ही दोन्ही १९९९ ची. दोनवर तुकाराम २००२ चे. रेल्वेला दीडशे वर्षं झाली तेव्हाचं, कंदील घेतलेल्या भोलू हत्तीचं २००३ चं दोनचं. पाचवर टिळक, २००७. ही सगळी बाजूला काढा, पण लाख-दोन लाखांची स्वप्नं पाहू नका. हाताळून गुळगुळीत झालेल्या नाण्याचे बरेचदा चहा-वडापावच्या पलीकडे पैसे येत नाहीत. जे टांकसाळीतून निघाल्यासारखं कोरं राहिलंय, त्यालाच संग्राहक भाव देतात, आणि तसं नाणं गल्ल्यात सापडणं अवघडच.

मग सालाच्या खाली बघा. बारीक हिरा म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. नवशिक्यांची फसगत इथेच होते. माझा भाचा एकदा धावत आला, ‘मावशी, खूणच नाही, चुकून राहिलीय!’ कोलकात्याची तीच खूण, बाबा. परदेशी खुणा मात्र बघायला मजा येते. ऐंशीच्या आणि पुढे नव्वदच्या दशकात नाणी कमी पडली म्हणून सरकारनं बाहेरून पाडून घेतली. १९८५ च्या रुपयाखाली एच असेल तर तो बर्मिंगहॅमचा. १९९७ च्या रुपयाखाली एम आणि त्याच्या डोक्यावर इवलासा ओ दिसला तर तो मेक्सिकोचा. फार दुर्मीळ नाहीत, पण मी ठेवते.

आता खरा माल, म्हणजे टांकसाळीच्या चुका. आपल्या नाण्याचा छापा आणि काटा दोन्ही एकाच दिशेनं सरळ असतात. सिंह उभे धरा, वरच्या-खालच्या कडेला दोन बोटं लावा आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं नाणं फिरवा. मागची बाजू सरळच यायला हवी. गेल्या पावसाळ्यात बोटांच्या मुद्रेचा एक रुपया असाच फिरवला, तर वर दाखवणारा अंगठा थेट खाली! पूर्ण उलटा ठसा. मी चार वेळा फिरवून पाहिला, नवऱ्याला उठवून दाखवला. थोडासा कललेला ठसा पुष्कळ नाण्यांवर असतो, त्याला कुणी विचारत नाही. पाव फेरीच्या पुढे गेला तर जपा.

कडेला चंद्रकोरीसारखा घास घेतलेलं नाणं दिसलं तर त्याच्या बरोबर समोरची कड बघा. टांकसाळीतच कापलं गेलं असेल तर समोरची कड बहुधा अंधूक, दबलेली असते. कानशीनं घासलेल्याची समोरची कड ठणठणीत आणि कापलेल्या जागी ओरखडे. हातोडा बसलेलं, रेल्वेखाली चेपलेलं, रसायनात बुडवून पातळ केलेलं, ही चूक नाही, हे नुकसान आहे. इथे वजन कामाला येतं: नव्वदच्या दशकातलं जाड पाचचं नाणं ९ ग्रॅमचं, अकरा कोनांचं दोनचं ६ ग्रॅमचं. ही दोन्ही तांबं-निकेलची, चुंबकाला चिकटत नाहीत. चिकटलं तर एकतर बनावट, नाहीतर चुकीच्या चकतीवर ठसा पडलेला. दोन्ही शक्यता जाणकाराला दाखवल्याशिवाय ठरवू नका.

जुनी म्हणून येणारी नाणी वेगळीच डोकेदुखी. राम-सीता किंवा हनुमान आणि ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, साल १८१८, असं तांब्याचं नाणं महिन्याकाठी कुणीतरी दाखवतं. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही. देवळाबाहेर विकायला केलेले ते बिल्ले. तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढतं असं सांगून विकतात ते नाणं तर सरळ लुबाडणूक.

आणि पैसे मागणाऱ्यांपासून सांभाळा. आमच्या गिऱ्हाईक काकूंना वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याचे पाच लाख मिळणार असा फोन आला, आधी नोंदणीचे अडीच हजार भरा म्हणून. पत्रावर रिझर्व्ह बँकेचं चिन्हही होतं. बँकेनं २०२१ च्या ऑगस्टमध्येच जाहीर केलंय की अशा व्यवहारात ती नसते, असलं शुल्क मागत नाही. घेणारा पैसे देतो, मागत नाही, एवढं काकूंना पटवायला माझं अर्धं दळण अडलं.

एक चूक माझीच. तुकारामांचं दोनचं नाणं मी चिंच-मीठ लावून लख्ख घासलं. पुण्याच्या जुन्या बाजारात एका विक्रेत्यानं भिंगाखाली धरलं, काही न बोलता परत माझ्या तळहातावर ठेवलं. तेव्हापासून मी नाण्याला फक्त साधं पाणी लावते, तेही पीठ घट्ट बसलं असेल तरच, आणि टिपून वाळवते, पुसत नाही. कडेला धरायचं, मधे बोट लावायचं नाही. ठेवायला कागदी चौकोन घ्या. मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत काही वर्षांनी नाण्यावर हिरवट चिकटपणा येतो.

निवडून झालं की बाकीची चिल्लर परत गल्ल्यात. सकाळी पहिलं दळण ज्वारीचं असतं आणि आजी कायम शंभरची नोट काढतात.