जादा गेलेला मिळकतकर बिलातूनच परत मिळवायचा कसा

बँकेच्या हिशेब खात्यातून मी निवृत्त झाले आणि सोसायटीने सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात घातलं. आमच्या इमारती सिंहगड रस्त्याला, बहुतेकांचे ताबे २०१९ नंतरचे. दरवर्षी सवलतीत कर भरायची मुदत संपत आली की बिलं घेऊन माणसं दारात उभी. "काकू, आमचंच बिल एवढं का?" आणि पाठोपाठ, "जास्त गेलेले पैसे परत कधी येणार?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. बँक खात्यात रक्कम जमा होईल म्हणून वाट बघत बसू नका. पुण्यात जादा भरलेला मिळकतकर सहसा पुढच्या बिलांत वळता होतो, म्हणजे तेवढी रक्कम त्या बिलांतून वजा होते. म्हणून आधी आकारणी दुरुस्त करून घ्यायची आणि नंतर वळती रक्कम प्रत्येक बिलात दिसते का, यावर डोळा ठेवायचा. पहिलं काम लोक करतात. दुसरं विसरतात.

जादा पैसे जायचा सगळ्यात सोपा प्रकार घरातल्या घरात घडतो. मुलगा बंगळुरूहून ऑनलाइन भरतो, बाबा महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन चेक देऊन येतात. मुलगा म्हणतो मी भरलं, बाबा म्हणतात मी भरलं, आणि दोघंही खरं बोलत असतात. अशा वेळी दोन्ही पावत्यांवरचा मिळकत क्रमांक आणि आर्थिक वर्ष आधी जुळवून बघा. एकाच कुटुंबाचे दोन फ्लॅट असले तर "दुबार भरणा" म्हणून आणलेली पावती कधीकधी शेजारच्या फ्लॅटची निघते. क्रमांक जुळले तर साधा अर्ज, दोन्ही पावत्या आणि बँकेचा उतारा द्या, आणि रक्कम पुढच्या मागणीत वळती करावी असं स्पष्ट लिहा. यूपीआयने भरताना खात्यातून पैसे गेले आणि पावती आलीच नाही, तर आधी बँकेकडे जा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे असा फसलेला व्यवहार पाच दिवसांत उलटायला हवा. त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे.

आता खरं दुखणं, चाळीस टक्क्यांचं.

मालक स्वतः राहत असलेल्या निवासी घराला पुण्यात १९७० पासून भाडेमूल्यात, म्हणजे घराला वर्षाला जेवढं भाडं येईल असं धरून कर मोजतात त्या रकमेत, ४० टक्के सवलत मिळत आली. लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप निघाले, २०१९ मध्ये राज्य सरकारने ती काढून घेतली, आणि १ एप्रिल २०१९ पासून नव्याने नोंद झालेल्या घरांना पूर्ण दराने बिलं आली. काही जुन्या घरांचीही सवलत पाहणीनंतर गेली. पुढे एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सवलत कायम ठेवायचं ठरवलं. मधल्या काळात जादा भरलेली रक्कम २०२३-२४ पासून चार वर्षांच्या बिलांतून वळती करायची, असंही ठरलं.

लोकांना वाटतं चाळीस टक्के सवलत गेली म्हणजे बिल चाळीस टक्क्यांनी वाढलं. आकडे मांडून बघा. वार्षिक भाडेमूल्य तीस हजार धरू. सवलत असेल तर ते अठरा हजारांवर येतं, त्यातून देखभाल-दुरुस्तीचे दहा टक्के वजा केले की करपात्र रक्कम १६,२००. सवलत नसेल तर तीस हजारांतून फक्त दहा टक्के वजा होतात, करपात्र रक्कम २७,०००. कराचे दर तेच धरले तरी वाढ जवळपास ६७ टक्के! बिलावर "वार्षिक करपात्र रक्कम" छापलेली असते. त्याच मजल्यावरच्या, तेवढ्याच क्षेत्रफळाच्या आणि त्याच वर्षी नोंद झालेल्या शेजाऱ्याच्या बिलाशी ती ताडून बघा. १६,२०० आणि २७,००० असा फरक दिसला तर घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं.

सवलतीसाठी पीटी-३ अर्ज भरायचा असतो. ज्यांची सवलत कधी गेलीच नाही त्यांना तो भरायची गरज नाही. मागच्या वर्षांची वळती मिळावी म्हणून नोव्हेंबर २०२३ ची मुदत दिली होती. तेव्हा अर्ज राहिला असेल, तर मागचं किती पदरात पडेल ते कार्यालयात लेखी विचारा. पण म्हणून अर्जच टाळू नका, पुढची जादा आकारणी तरी थांबवायची आहे ना?

अर्ज एका पानाचा. लोक अडतात ते पुराव्यापाशी. घरमालक तिथेच राहतो हे दाखवायचं असतं, त्यासाठी सोसायटीचं पत्र आणि त्या पत्त्याचं मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, गॅस कार्ड किंवा रेशनकार्ड असं काहीतरी. आमच्याकडे अर्ध्या लोकांचं मतदार कार्ड अजून साताऱ्याचं नाहीतर बार्शीचं. गावाकडचं मत सोडवत नाही, मला समजतं, पण त्या कार्डावर तुम्ही पुण्यात राहता हे सिद्ध होत नाही. गॅसच्या जोडणीचा पत्ता मात्र सगळे बदलून घेतात, कारण सिलिंडर दारात यावा लागतो. तो कागद हमखास सापडतो.

सोसायटीचं पत्र देताना मी तीन गोष्टी तपासते: फ्लॅट क्रमांक बिलावर आहे तसाच लिहिलाय का, मालकाचं नाव खरेदीखतातल्यासारखं आहे का, आणि माणूस खरंच राहतो का. तिसऱ्यावरून माझ्याशी भांडणं होतात. फ्लॅट भाड्याने दिलेला असताना "स्वतः राहतो" असं पत्र मी देत नाही. सवलत राहणाऱ्या मालकाला आहे, भाडेकरू ठेवलेल्या घराला नाही. पुण्यात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रतही जोडावी लागते, तेव्हा लपवाछपवीत अर्थ नाही.

बिल अजून सासऱ्यांच्या किंवा वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर आधी नाव बदलून घ्या. नोंद एकाच्या नावावर आणि अर्जावर सही दुसऱ्याची, असा कागद पुढे सरकत नाही.

अर्ज क्षेत्रीय कार्यालयात किंवा पेठ निरीक्षकाकडे (आपल्या भागाचा मिळकतकर बघणाऱ्या महापालिकेच्या माणसाकडे) द्या, पण दोन प्रती न्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. तोंडी "बघतो" ही पोच नव्हे. अर्ज पडून आहे म्हणून चालू बिल थांबवू नका. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, आणि वर्षभरात ती किती होते हे मी बँकवालीने वेगळं सांगायला नको. भरताना सोबत पत्र द्या: आकारणीबाबत हरकत राखून रक्कम भरत आहे.

सवलत लागली की वहीत एक पान आखा. वर्ष, भरलेली रक्कम, सवलतीने व्हायला हवी होती ती रक्कम, फरक. समजा फरक चोवीस हजार निघाला आणि चार वर्षांत सारखा विभागला, तर दरवर्षी सहा हजार वजा झालेले दिसले पाहिजेत. दिसले नाहीत तर त्याच वर्षी लेखी विचारा. जुन्या घरांच्या बाबतीत एक खोच आहे: देखभाल-दुरुस्तीची वजावट पूर्वी १५ टक्के होती, १ एप्रिल २०२३ पासून १० टक्के झाली. त्यामुळे सवलत परत मिळूनही बिल २०१८ च्या आकड्यावर येणार नाही. तेवढ्यासाठी तक्रार करू नका, ती टिकणार नाही.

उत्तरच येत नसेल तर माहिती अधिकारात, दहा रुपये भरून, आपल्या मिळकतीच्या आकारणी नोंदवहीचा उतारा आणि अर्जावर केलेली कार्यवाही मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आकारणीविरुद्ध न्यायाधीशांकडे अपील करण्याची सोय महापालिका अधिनियमाच्या कलम ४०६ मध्ये आहे, पण पंधरा दिवसांची मुदत आणि मागणीची रक्कम आधी भरायची अट असते. तिथे वकिलाला विचारूनच जा. पाच-सहा हजारांच्या फरकासाठी मी कुणाला तिकडे पाठवलेलं नाही.

आणि फ्लॅट विकायचा विचार असेल तर हे लक्षात ठेवा. वळती मिळकत क्रमांकाला चिकटलेली असते, माणसाला नाही. चार वर्षं संपायच्या आत घर विकलंत तर उरलेली वजावट खरेदीदाराच्या बिलात पडेल. ती रक्कम किती उरली आहे ते वहीतून काढा आणि व्यवहारात धरा. आमच्या बी विंगमधल्या एका जोडप्याने विसार घ्यायच्या आधी हा आकडा माझ्याकडून काढून नेला आणि करारात तशी ओळ घालून घेतली.