चिनी माल घेताना भावाआधी बीजिंगचा आदेश वाचा

मी भोसरी एमआयडीसीत मोटरचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात पर्चेस सांभाळते. चिनी मालाचा भाव आपल्याला कोटेशनमध्ये दिसतो, पण तो ठरतो त्याच्या कितीतरी आधी, सरकारी कागदावर. पर्चेसवाल्याने तो कागद वाचायला शिकलंच पाहिजे.

सुरुवात चीनच्या पंचवार्षिक योजनेपासून करा. सध्याची १५वी, २०२६ ते २०३०. तिच्यात ज्या उद्योगाचं नाव येतं, तिकडे सरकारी बँकांची कर्जं आणि प्रांतांच्या सवलती वळतात. प्रत्येक प्रांताला तोच कारखाना आपल्याकडे हवा असतो. मग गरजेपेक्षा जास्त क्षमता उभी राहते आणि उरलेला माल जगभर स्वस्तात उतरतो. सोलर पॅनेलचं हेच झालं. पॉलिसिलिकॉन या कच्च्या मालापासून तयार पॅनेलपर्यंत (मॉड्यूल) प्रत्येक टप्प्यावर ८० टक्क्यांहून जास्त क्षमता चीनकडे आहे. स्वस्त मिळतंय तर जरूर घ्या. पण त्या भावात इतर देशांतले कारखाने तग धरत नाहीत. आमच्या शेजारी पिंपरीत १९५० च्या दशकापासून पेनिसिलिन बनायचं. पुढे चिनी भावापुढे पेनिसिलिन-जीचं उत्पादन देशातच थांबलं.

आता खरी कामाची गोष्ट: आदेश निघाल्यापासून तो लागू होईपर्यंत किती दिवस मिळतात, ते बघा. गॅलियम-जर्मेनियम या चिपसाठी लागणाऱ्या धातूंच्या निर्यात परवान्याची (म्हणजे माल पाठवण्याआधी चिनी सरकारची परवानगी) घोषणा ३ जुलै २०२३ ला झाली, अंमल १ ऑगस्टपासून. सोलर आणि बॅटरीवरचा निर्यात कर-परतावा, म्हणजे निर्यातदाराला सरकार परत देतं तो कर, १३ वरून ९ टक्के होणार हे १५ नोव्हेंबर २०२४ ला कळलं, लागू १ डिसेंबरला. आणि ४ एप्रिल २०२५ ला टर्बियम, डिस्प्रोशियमसह सात दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांच्या मॅग्नेटवर परवाना आला, तो त्याच दिवसापासून. परतावा कमी झाला तर माल महागतो, एवढंच. परवाना लागला की माल बंदरातच अडकतो, पैसे हातात असूनही. तेव्हा साठा परवान्याच्या धोक्याकडे बघून ठरवा.

बिल पुण्याच्या ट्रेडरचं असलं तरी माल मुळात कुठून आला, हे त्याच्याकडून लेखी घ्या. दुसरा सप्लायर आजच शोधा, थोडा महाग पडला तरी. २०१० मध्ये चीनकडून दुर्मिळ मृदा धातूंचा पुरवठा अडल्यावर जपानने ऑस्ट्रेलियातल्या लायनस या खाण कंपनीत पैसे घातले आणि तिथून दीर्घ मुदतीची खरेदी ठरवली. चीनवरचं अवलंबन उतरण्यात त्याचाही वाटा होता. आपल्याला खाण विकत घेता येत नाही, पण दुसऱ्याकडचे सॅम्पल मागवून क्वालिटीकडून पास करून ठेवता येतात. त्याला महिने लागतात. शिवाय माल कशात जाणार, लष्करी वापर नाही, असं अंतिम वापराचं प्रमाणपत्र परवान्यासाठी मागतात. त्यासाठी ग्राहक कंपनीचीही सही लागू शकते, तेव्हा मसुदा त्यांच्याकडे आत्ताच पाठवून द्या.