फ्रीस्टाइलमध्ये दम लागतो? आधी श्वास सोडायला शिका

विहिरीत किंवा नदीत पोहायला शिकलेले लोक गोव्यात गावोगाव भेटतात. मान वर काढून ते पाण्यात अर्धा तास आरामात काढतात. त्यांनाच पणजीत कांपालच्या 50 मीटरच्या तलावात सलग फ्रीस्टाइल, म्हणजे पालथं पडून आळीपाळीने हात मारत पोहायला लावा, निम्म्या वाटेत दोरीला लोंबकळतील. काठावरून सल्ला येतो, ‘स्टॅमिना वाढव, हात जोरात मार.’ हा सल्ला ऐकू नका. स्टॅमिना असतो, गडबड श्वासात असते.

शरीराचं आधी उरकून घेऊ. नजर समोरच्या भिंतीकडे नको, खाली तळाकडे हवी. डोकं वर उचललं की कंबर आणि पाय बुडतात.

आता श्वास. माझी गाडीही बराच काळ इथेच अडली होती. बहुतेक जण तोंड पाण्यात असताना श्वास कोंडून धरतात आणि तोंड बाहेर आलं की सोडणं, घेणं दोन्ही उरकायला बघतात. तेवढ्या क्षणात ते जमत नाही. छातीत कार्बन डायऑक्साइड साचतो आणि गुदमरल्यासारखं होतं ते त्यामुळे, हवा कमी पडल्यामुळे नव्हे. मग माणूस घाबरून मान उचलतो, पाय बुडतात, ते वर आणायला लाथा झाडतो आणि आणखी दमतो.

म्हणून आधी उथळ बाजूला काठ धरून उभे राहा. तोंड पाण्यात घाला आणि ‘म्म्म’ करत नाकातून सावकाश बुडबुडे सोडा. मान बाजूला वळवता वळवता उरलेली हवा तोंडाने फूकन सोडा, श्वास घ्या, पुन्हा तोंड आत. हे कंटाळवाणं आहे आणि नेमकं म्हणूनच लोक टाळतात. पण दम न लागता हे बराच वेळ करता येईपर्यंत हात मारायला जाऊ नका.

पुढची पायरी कुशीवर पोहण्याची. एक हात पुढे लांब, दुसरा मांडीला चिकटलेला, तोंड खाली. सहा लाथा मारा, मान वळवून श्वास घ्या, मग हात बदलून दुसऱ्या कुशीवर या. मान एकटी फिरवायची नाही, खांद्याबरोबर फिरवायची. गॉगलची एक काच पाण्यातच राहिली पाहिजे. तुम्ही पुढे सरकता तेव्हा डोक्यापुढे पाणी उचललं जातं आणि तोंडाशेजारी जराशी खोलगट जागा होते. हवा तिथेच मिळते, त्यासाठी वर यावं लागत नाही.

श्वास घेताना पुढचा हात खाली दाबला की आधार जातो आणि नाकातोंडात पाणी शिरतं. क्लोरीनचा असा घोट घेतल्यावर दोष तलावाला देऊ नका, तो हात बघा. ज्या बाजूने श्वास घ्यायचा तो हात मांडीपाशी पोहोचताना मान वळवा आणि तो पुढे पाण्यात शिरण्याआधी तोंड परत आत न्या.

‘दर तीन हातांना श्वास घ्यायलाच हवा’ हा हट्ट नवशिक्यांनी सोडावा. सुरुवातीला दर दोन हातांना घ्या. पण दर फेरीला बाजू बदला, नाहीतर एकाच बाजूची सवय लागून शरीर वाकडं जातं.

बाकीचं सोपं आहे. हात डोक्यासमोर न टाकता खांद्याच्या रेषेत टाका आणि पाणी मागे ओढताना कोपर उंच ठेवा. लाथ गुडघ्यातून न मारता कमरेतून मारा, घोटा सैल सोडा.

समुद्राचा विचार पावसाळा सरल्यावरच करा. जून ते सप्टेंबर लाल बावटे उगाच लावत नाहीत. नंतरही मिरामार असो वा करंझाळे, जीवरक्षकाच्या नजरेत आणि किनाऱ्याला समांतर पोहा. तिथे तलावासारखी तळाची काळी रेघ नसते, त्यामुळे अधूनमधून पुढे बघावं लागतं. बघताना फक्त डोळे पाण्यावर काढा आणि श्वास नेहमीसारखा बाजूनेच घ्या. समोर तोंड करून घेतलात तर लाट थेट घशात जाईल.